‘कंप्युटर गेला’ म्हणण्याआधी : ईसीएमचं निदान, बदल आणि त्यातला धंदा



मागच्या महिन्यात यवतमाळच्या वर्गात पांढरकवड्याकडचा एक तरुण आला होता. आयटीआय झालेलं, चार वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजवर हात काळे केलेले. वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हायवेला स्वतःचं गॅरेज टाकतो म्हणतो. आजकाल जो येते तो कंप्युटर गेला म्हणते. मंग ईसीएम रिपेअरिंगचा कोर्स करून मशीनच घेऊन टाकू का? दीड लाख लागू रायले."

त्याला मी तिथेच उत्तर दिलं : आत्ता घेऊ नको. पण 'का नको' हे चहा पिता पिता सांगून होत नाही. व्हिडिओतही हा भाग घाईत झाला, मीटर कुठे लावायचा ते नीट दिसलंच नाही. म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो. ट्रेनिंगच्या धंद्यात येण्याआधी अकरा वर्षं मी गॅरेज चालवलं, हे जुन्या प्रेक्षकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी नुकतीच झालेली, बँकेतून आठवड्याला २४,००० च्या वर निघत नव्हते, आणि इकडे कापसाचा सीझन तोंडावर. दारव्ह्याकडचा एक पिकअपवाला माझा जुना गिऱ्हाईक. शेतातून कापूस उचलायचा, जिनिंगवर टाकायचा, तेवढ्यावर घर आणि गाडीचा हप्ता. त्याची गाडी चालता चालता बंद पडायला लागली. कधी लगेच चालू व्हायची, कधी अर्धा तास नाही. खराब रस्त्यावर जास्त.

मी स्कॅनर लावला. दोन कोड आले. पी ०६०६, म्हणजे कंट्रोल मॉड्यूलच्या प्रोसेसरमध्ये गडबड. आणि पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी. मी पहिला कोड वाचला आणि दुसऱ्याकडे पाहिलंच नाही. "भाऊ, कंप्युटर गेला," असं छातीठोक सांगितलं. नागपूरहून नवा ईसीएम मागवला, २७,५०० रुपये. प्रोग्रॅमिंगला माणूस आला त्याचे २,५०० वेगळे. गाडी चालू झाली, गिऱ्हाईक हसत गेला. तिसऱ्या दिवशी आर्णीच्या अलीकडे कापूस भरलेला असताना गाडी पुन्हा बंद.

मग आमच्या गल्लीतले म्हातारे वायरमन काका आले. ते स्कॅनर कधीच वापरत नसत. आले, साधा मल्टिमीटर काढला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीएमच्या अर्थिंगच्या वायरला, आणि मला म्हणाले, "मार सेल्फ." मीटरवर २.३ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य असायला हवं होतं. काका गाडीखाली गेले आणि दोन मिनिटांत गिअरबॉक्सवरचा एक बोल्ट हाताने फिरवून दाखवला. हाताने! त्याच बोल्टवर इंजिनची अर्थिंगची पट्टी होती आणि ईसीएमच्या अर्थिंगचा डोळाही. पंधरा दिवस आधी त्या गाडीची क्लचप्लेट माझ्याच गॅरेजात बदलली होती. माझ्याच पोराने बोल्ट अर्धवट आवळला होता, खाली ग्रीस तसंच.

डोळा घासून साफ केला, बोल्ट आवळला, रीडिंग आलं ०.०५. जुना ईसीएम परत लावला. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

नवा ईसीएम दुकानदाराने परत घेतला नाही. इलेक्ट्रिकल माल परत होत नाही, हे प्रत्येक बिलाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले, पण त्याचे सीझनमधले नऊ दिवस कुठून परत देणार? तो पुन्हा कधी माझ्याकडे आला नाही. रस्त्यात भेटला तर आजही नमस्कार करतो, पण गाडी दुसरीकडे नेतो. तो ईसीएम माझ्या टेबलावर आहे, वर्गात दाखवायला काढतो.

ईसीएमला जगायला काय लागतं

ईसीएम म्हणजे इंजिनचा कारभारी. सेन्सर त्याला खबर देतात : इंजिन किती गरम, किती हवा आत आली, क्रँक कुठे फिरतोय, पाय ॲक्सिलरेटरवर किती. त्यावरून तो ठरवतो की डिझेल किंवा पेट्रोल किती आणि कधी सोडायचं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटरसायकलींतसुद्धा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. म्हणजे पूर्वी जो विषय फक्त कारवाल्यांचा होता, तो आता घाटंजीच्या टू-व्हीलर मेकॅनिकचाही झाला.

पण हा कारभारी स्वतः कशावर जगतो? बॅटरीचा कायमचा प्लस, चावी फिरवल्यावर येणारा प्लस (बहुतेक गाड्यांत मेन रिलेमधून), आणि पक्कं अर्थिंग. यातलं एक जरी कमजोर पडलं तरी तो वेड्यासारखा वागतो. कधी झोपतो, कधी चुकीचा कोड देतो, कधी स्कॅनरशी बोलतच नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हाच गेला. तुमच्या दारात 'कंप्युटर गेला' म्हणून येणाऱ्या गाड्यांत वायर, अर्थिंग, रिले, बॅटरी यांचेच दुखणे जास्त निघतील. माझ्या अकरा वर्षांत खरोखर मेलेले ईसीएम मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

बॉनेट उघडण्याआधी तोंड उघडा

गिऱ्हाइकाला विचारा : हे कधीपासून? त्याच्या आधी गाडीवर काय काम झालं? हा दुसरा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही, कारण काम मीच केलं होतं आणि माझं काम चुकलं असेल हे मनातच आलं नाही. क्लच, गिअरबॉक्स, इंजिन उतरवलं होतं का? म्युझिक सिस्टिम, एलईडी, हॉर्न असलं काही जोडलं का? प्रेशरने इंजिन धुतलं का? गाडी पाण्यात गेली होती का? २०२३ च्या जुलैत आपल्या जिल्ह्यात जो पूर आला, तसल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा कनेक्टर आतून हिरवा पडतो आणि सहा महिन्यांनी दुखणं बाहेर येतं. गाडी कापसाच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या गोदामाजवळ उभी असते का? उंदीर वायर कुरतडतात, आणि हार्नेसच्या आत कुरतडलेली वायर वरून दिसत नाही.

आणि हे तीन प्रश्न नक्की विचारा. गाडीवर वेल्डिंग झालं का? ट्रकच्या बॅटरीवरून जंप दिला का? आणि कुणी चालू गाडीवर बॅटरीची वायर काढून डायनामो चेक केला का? ही शेवटची खोड आपल्याकडे फार. जुन्या गाड्यांत खपून गेली. आता बॅटरी अचानक सुटली की आल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि ते सरळ इलेक्ट्रॉनिक्समध्ये घुसतं. तुमच्या गॅरेजात हे कुणी करत असेल तर आजपासून बंद. जंपचंही तसंच. ट्रक २४ व्होल्टचा, पिकअप १२ चा.

आता मीटर

साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक फिलामेंटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, एवढ्यावर अर्धी लढाई होते. खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाडीचे आहेत. वणीकडे कोळशाचे टिपर करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडे २४ व्होल्ट, म्हणून बॅटरीचे आकडे दुप्पट धरा.

बॅटरी आधी. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. हे नसेल तर पुढे जाऊच नका, आधी बॅटरी-चार्जिंग नीट करा. कमी व्होल्टेजवर ईसीएम खोटे कोड टाकतो, आणि ते कोड वाचून आपण खोटं निदान करतो.

मग चावी ऑन करून चेक इंजिनचा दिवा बघा. बऱ्याच गाड्यांत तो दिवा लागलाच नाही आणि स्कॅनरही जोडला जात नसेल तर ईसीएमला जेवणच पोचत नाहीये असं समजून फ्यूज, मेन रिले, अर्थिंगकडे वळा. तेव्हाच ओबीडी सॉकेटही तपासून घ्या. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थिंग. सॉकेटलाच करंट नसेल तर स्कॅनर कुणाशी बोलणार? हा फ्यूज पुष्कळदा मोबाइल चार्जरच्या सॉकेटसोबत असतो आणि चार्जरनेच उडवलेला असतो.

स्कॅनर जोडला गेला तर सगळे कोड वहीत उतरवा, मोबाइलने फोटो काढा, आणि मग पुसा. आधी पुसून मग विचार करणारे मेकॅनिक मी पाहिलेत. ते म्हणजे डॉक्टरने रिपोर्ट फाडून पेशंटला विचारावं, 'काय होतं हो तुम्हाला?' कोड पुसून गाडी चालवा, परत कुठला येतो ते बघा. यू ०१०० आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की बाकीच्या मॉड्यूल्सना ईसीएमचा आवाज येत नाहीये. तो मेला असेल, झोपला असेल किंवा मधली वायर तुटली असेल. कॅन लाइन तपासायची तर बॅटरी सोडा आणि ओबीडीच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत ६० च्या जवळ यायला हवं. १२० आलं तर लाइनच्या एका टोकाचं रेझिस्टन्स गायब आहे किंवा वायर तुटली आहे.

आता ती काकांची टेस्ट, जिला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. ही नीट शिका. मीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर. क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या पोस्टवर. लाल टोक ईसीएमच्या कनेक्टरच्या अर्थिंग पिनला, मागच्या बाजूने, पातळ सुई घालून. कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा. चावी ऑन करून वाचा, मग सेल्फ मारताना वाचा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाटेत कुठेतरी गंज, ग्रीस, रंग किंवा सैल बोल्ट आहे. तशीच प्लसची बाजू मोजा : बॅटरीचा प्लस ते ईसीएमचा प्लस पिन.

कुणी म्हणेल, ओहमवर बीप वाजतंय की, वायर ठीक आहे. अहो, केबलच्या तीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. पाण्याच्या नळीतून थेंब आला म्हणजे वावर भिजेल असं नाही ना? लोड टाकल्यावर काय होतं ते बघायचं. म्हणून कनेक्टर काढून प्लस तपासायचा असेल तेव्हा टेस्ट लॅम्पचा बल्ब त्या वायरवर पूर्ण उजेडाने पेटतो का ते पाहा. मात्र हा टेस्ट लॅम्प ईसीएमच्या सेन्सर-इंजेक्टरच्या पिनांमध्ये खुपसू नका. चांगला ईसीएम तुम्हीच माराल.

यानंतर ५ व्होल्टचा खेळ. ईसीएम बऱ्याच सेन्सरना स्थिर ५ व्होल्ट देतो. एखादा प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर सायलेन्सरला चिकटून जळली, की त्या लाइनवरचे सगळेच सेन्सर मुके होतात. गाडी चालू होत नाही, एकदम पाच-सहा कोड येतात, आणि कुणालाही वाटावं की कंप्युटरच उडाला. करायचं काय, तर चावी ऑन ठेवून ५ व्होल्टच्या वायरवर मीटर लावा आणि एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत, तर वायरिंग शॉर्ट आहे का ते बघून मगच ईसीएमवर बोट ठेवा.

अधूनमधून येणाऱ्या फॉल्टला मीटर लावून हार्नेस हलवून बघा, कनेक्टरवर बोटाने टिचक्या मारा. आणि जपून : चालू इंजिनवर कॉमन रेलचा पाइप कधीही सैल करू नका, आत १,००० बारच्या वर दाब असतो. डिझेल कातडीत घुसतं. इंजेक्टरच्या वायरींनाही बॅटरीपेक्षा खूप जास्त व्होल्टेज असतं. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

खरंच गेलेला

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाने गेल्या उन्हाळ्यात केलेली ही केस. पिकअपच्या मागच्या फालक्याची जाळी वेल्डिंग करून आणली होती. दुकानातून निघताना गाडी चालूच झाली नाही. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, स्कॅनर जोडला जात नाही. मुलाने बॅटरी पाहिली, ठीक. प्लस लोडवर तपासला, ठीक. अर्थिंग ०.०४. ५ व्होल्ट शून्य, सगळे सेन्सर काढूनही शून्य, ईसीएमच्या पिनवरच शून्य, आणि वायर कुठेही शॉर्ट नाही. जेवण पोचतंय, पाणी पोचतंय, तरी माणूस उठत नाही. आता म्हणायला हरकत नाही. नागपूरला बोर्ड उघडला तेव्हा आतला ट्रॅक जळालेला दिसला. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली नव्हती आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प लांब चेसिसवर लावला होता.

आता एक प्रश्न वाचतो, आणि नवा ईसीएम लावण्याआधी त्याचं उत्तर हवंच : जुना कशाने मेला? या केसमध्ये वेल्डिंग, म्हणजे कारण बाहेरचं आणि संपलेलं. पण ईसीएमचा इंजेक्टरचा ड्रायव्हर जळाला असेल तर आधी इंजेक्टरच्या कॉइलचे ओहम मोजा, वायर तपासा. कॉइल शॉर्ट असेल तर नवा ईसीएमही त्याच वाटेने जाईल, आणि या वेळी पैसे तुमचे.

बदलताना

जुन्या ईसीएमवरच्या स्टिकरचा फोटो काढा. हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर दोन्ही. एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे ईसीएम वेगळे. नाव सारखं, डबा सारखा, कनेक्टरही बसतो, आणि गाडी चालू होत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. गिऱ्हाईक गेला असं वाटेल. जाणार नाही, उलट सांगत फिरेल की याने माझे पैसे वाचवले.

चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाच-दहा मिनिटं थांबा. हाताने गाडीच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल, मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. कनेक्टर वायरीला धरून ओढायचा नाही, लॉकची दांडी उलगडायची. आत हिरवट-पांढरं काही दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाकलेली पिन बघा, पाणी कुठून आलं ते शोधा.

पण डबा बसवणं हे सोपं काम. अवघड पुढेच. बहुतेक नवे ईसीएम त्या गाडीसाठी प्रोग्रॅम करावे लागतात, चेसिस नंबर लिहावा लागतो. इमोबिलायझर असेल तर चावी जुळवावी लागते, नाहीतर गाडी एक सेकंद चालू होऊन बंद पडेल. अनेक कॉमन रेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर आकडे-अक्षरांचा कोड असतो, तो सिलेंडरच्या क्रमाने नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो. तो भरला नाही तर गाडी चालते, पण थरथरते, धूर सोडते, आणि गिऱ्हाईक म्हणतो आधीच बरी होती. बीएस-६ डिझेलमध्ये काजळीच्या फिल्टरची नोंदही जुन्यातून नव्यात न्यावी लागते. म्हणून जुना ईसीएम थोडा जरी बोलत असेल तर काढण्याआधी त्यातला सगळा डेटा वाचून ठेवा.

प्रोग्रॅमिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर नवा डबाही वीट होतो. गाडीच्या बॅटरीला दुसरी भरलेली १२ व्होल्टची बॅटरी किंवा स्थिर सप्लाय जोडा, लॅपटॉप फुल चार्ज, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही म्हणून इन्व्हर्टरवर. पंखा, दिवे, म्युझिक सगळं बंद.

भंगारातला जुना ईसीएम स्वस्तात मिळतो आणि जुन्या गाडीला कधी कधी तोच एक मार्ग असतो. मेमरीतला डेटा जुन्यातून त्यात उतरवून चालवतात, ते करणारे लोक नागपूरला आहेत. पण माल बिलावरच घ्या. चोरीच्या गाडीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात. चावी किंवा इमोबिलायझरचं काम आलं तर आधी आरसी आणि आणणाऱ्याचं ओळखपत्र बघा, प्रत ठेवा. आणि 'फिल्टर काढून ट्यूनिंग करून दे, ॲव्हरेज वाढव' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.

आता पैशाचं

"नुसतं पाहायचे पैसे?" हे वाक्य तुम्हाला रोज ऐकावं लागेल. आपल्याकडे नट फिरवला तर मजुरी, डोकं चालवलं तर फुकट, अशी समजूत आहे. ती भांडून जात नाही, आधी सांगून जाते. गाडीला हात लावण्याआधी म्हणा, "दादा, तपासणीचे ५०० होतील. काय निघालं ते मीटरवर तुम्हाला दाखवीन. काम इथेच केलं तर यातले २०० मजुरीत वजा." जॉब कार्डवर लिहा, सही घ्या. रीडिंग दाखवताना गिऱ्हाइकाला मोबाइलवर फोटो काढू द्या. २.३ चं ०.०५ झालेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं की पाचशे रुपये त्याला जड जात नाहीत.

हिशोब बघा. समजा ३०,००० चा स्कॅनर घेतला, पहिल्या वर्षानंतर अपडेटला वर्षाला ६,००० लागतात. तीन वर्षांत ४२,०००. महिन्याला सुमारे १,१६७. महिन्यात दहा गाड्या तपासल्या तर प्रत्येक गाडीमागे ११७ रुपये नुसता स्कॅनरचा खर्च, तुमचा वेळ अजून धरलेलाच नाही. फुकट तपासणी म्हणजे दर गाडीमागे खिशातून शंभराची नोट देणं. पाहा पटतं का.

आता पांढरकवड्याच्या त्या मुलाचा हिशोब. दीड लाखाचं बोर्ड रिपेअरिंगचं मशीन घेतलं तर त्याला बोर्ड किती मिळतील? एका तालुक्यात खरोखर गेलेले ईसीएम महिन्याला एक-दोन. वर बोर्डावरचं काम हा वेगळाच हुन्नर, त्यात हात बसायला वर्षं जातात. त्याऐवजी चांगला मीटर, टेस्ट लॅम्प, मध्यम स्कॅनर, बॅटरी टेस्टर, आणि ज्या गाड्या जास्त येतात त्यांचे वायरिंग डायग्राम. सगळं मिळून पन्नास हजारांच्या आसपास. मुद्रा योजनेतल्या शिशू कर्जाची मर्यादा ५०,००० च आहे, त्यासाठी बँकेत गहाण ठेवायला काही लागत नाही. खरोखर मेलेला ईसीएम नागपूरच्या माणसाकडे पाठवायचा, आणि पाठवण्याची, काढण्या-बसवण्याची आपली मजुरी लावायची. शिवाय आजूबाजूचे चार गॅरेजवाले, ज्यांच्याकडे निदान होत नाही, त्यांच्या गाड्यांचं नुसतं निदान करून द्यायचं. त्यांचा गिऱ्हाईक त्यांच्याकडेच परत पाठवायचा. हे पाळलं तर ते पुन्हा पाठवतात.

त्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. म्हणाला, "पण सर, बोर्डावर 'ईसीएम रिपेअर' लिहिलं तर वजन पडते न!" मी म्हटलं, पडतं. तू 'गाडीचं इलेक्ट्रॉनिक निदान' लिही आणि खाली लिही, 'आधी तपासणी, मग पार्ट.' पंधरा दिवसांनी त्याने बोर्डाचा फोटो पाठवला. त्याने वर लिहिलंय 'कंप्युटर गेला? आधी दाखवा.' माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय.

या आठवड्याचं काम : स्वतःच्या किंवा मित्राच्या चालू, निरोगी गाडीवर बॅटरीचे तीन आकडे आणि अर्थिंगचे दोन आकडे घ्या, वहीत गाडीच्या मॉडेलसह लिहून ठेवा. चांगल्या गाडीचे आकडे माहीत नसतील तर आजारी गाडीचे ओळखू येत नाहीत. पुढच्या व्हिडिओत मी जॉब कार्डचा नमुना भरून दाखवणार आहे, तेव्हा ही वही जवळ ठेवा.